हलव्याचे दागिने

हलव्याचे दागिने हे साखरेच्या काटेरी हलव्यापासून बनवलेले अलंकार असून महाराष्ट्रात ते मकरसंक्रांतीच्या निमित्ताने वापरले जातात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधूला आणि बोरन्हाणाच्या वेळी लहान मुलाला हे दागिने घालण्याची प्रथा आहे. तीळ, खसखस, साबुदाणा, साखर आणि दोरा एवढ्या घरगुती साहित्यातून ते तयार होतात. गाजराचा किंवा दुधीचा हलवा आणि हा हलवा यांच्यात नावापलीकडे साम्य नाही.

काटेरी हलवा

हलव्याचा प्रत्येक दाणा म्हणजे एखाद्या बीजाभोवती थराथराने जमलेली साखर होय. आत तीळ, खसखस, साबुदाणा, शेंगदाणा, बडीशेप, लवंग किंवा भोपळ्याची बी असते. नाजूक दागिन्यांसाठी खसखस व तिळाचा, तर ठसठशीत दागिन्यांसाठी साबुदाण्याचा हलवा वापरतात.

साखरेत पाणी घालून पाक उकळतात. त्यात थोडे दूध घातले की मळी वर येते. ती काढून टाकली म्हणजे हलवा पांढराशुभ्र होतो. बीज पसरट परातीत घेऊन परात मंद आचेवर ठेवतात. त्यावर चमचाभर पाक टाकून तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे हलके फिरवतात व मग पुन्हा पाक टाकतात. ही क्रिया अनेक तास, बहुधा काही दिवस थोडी थोडी चालते. सुरुवातीला दाणे नुसते पांढरे होतात. काटा नंतर उमटू लागतो. पाक एकदम जास्त पडल्यास आलेला काटा विरघळतो, आच वाढल्यास रंग पिवळसर होतो आणि हात जड पडल्यास काटे मोडतात. दमट हवेत साखर ओलावा शोषून घेत असल्याने कोरडी, थंड हवा या कामास अनुकूल ठरते. संक्रांत जानेवारीत येत असल्याने तशी हवा आपोआप मिळते.

दागिने घडविणे

हलव्याचा दाणा ठिसूळ असल्याने त्यात सुई ओवता येत नाही. ओवल्यास तो फुटतो. म्हणून पारंपरिक पद्धतीत दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा गाठीत अडकवला जातो. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. अशा सरांपासून पुढील अलंकार बनतात :

- वधूसाठी : मंगळसूत्र, ठुशी, तन्मणी, नथ, बिंदी, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी
- जावयासाठी : हार, गुच्छ, अंगठी, हलव्याने मढवलेला नारळ
- मुलांसाठी : मुकुट, हार, बाजूबंद, बासरी

मंगळसूत्रात काळे मणी, तर इतर दागिन्यांत जर, मोती व रंगीत टिकल्या यांची जोड दिली जाते.

प्रथा

नववधू काळी साडी नेसून हे दागिने घालते. पारंपरिक पसंती चंद्रकळेला असते. काळ्या वस्त्रावर पांढरा हलवा उठून दिसतो. काळा रंग उष्णता शोषून घेतो म्हणून थंडीत तो वापरावा, असेही स्पष्टीकरण दिले जाते. सुनेच्या या कौतुकसोहळ्यास काही ठिकाणी तिळवण म्हणतात. बोरन्हाणात मुलाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे व हलवा ओततात आणि जमलेली मुले तो खाऊ वेचतात.

बदलते स्वरूप

पूर्वी घरोघरी होणारे हे काम आता बरेचसे गृहउद्योगांकडे गेले असून संक्रांतीच्या हंगामात अनेक स्त्रियांना त्यातून उत्पन्न मिळते. दाणे बांधण्यास लागणारा वेळ वाचवण्यासाठी पुष्कळदा ते पुठ्ठ्यावर किंवा कापडावर डिंकाने चिकटवले जातात. असे दागिने लवकर तयार होतात व आकारही रेखीव येतो. मात्र औद्योगिक डिंक वापरलेला हलवा खाण्यायोग्य राहत नाही. गाठीत बांधलेला हलवा समारंभानंतर सोडवून वाटता येतो, म्हणजेच अलंकार पुन्हा खाऊ होतो. पद्धत बदलल्याने प्रथेचा हा भाग मागे पडतो.

काळजी

दागिने हवाबंद डब्यात, ओलावा व मुंग्यांपासून दूर ठेवावे लागतात. घामाने साखर चिकट होत असल्याने ते थोडा वेळच घालणे सोयीचे असते. तान्ह्या मुलाने दाणा तोंडात घातल्यास तो घशात अडकण्याचा धोका असतो. त्यामुळे बोरन्हाणाच्या वेळी मोठ्यांनी लक्ष ठेवणे आणि समारंभ होताच दागिने उतरवणे आवश्यक असते.

साम्य असलेले पदार्थ

जपानमधील कोन्पेइतो ही मिठाईही तापलेल्या, फिरत्या भांड्यात साखरेच्या पाकाचे थर चढवून करतात आणि तिलाही असेच उंचवटे येतात. तिचे नाव पोर्तुगीज भाषेतून आले आहे. या उंचवट्यांच्या निर्मितीविषयी जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोराहिको तेरादा यांनी लेखन केले आहे.