झाडाची साल आणि उन्हाचे मलम



केशोरीच्या शिवारात मिरचीचा तोडा असो की बांधीतली रोवणी, बायामाणसांची पाठ दिवसभर उन्हातच असते. डोईवर पदर आणि लुगड्यावर घरधन्याचा जुना सदरा, एवढेच त्यांचे रक्षण. आता बाजारात वनस्पतींच्या नावाने उन्हाची मलमे येतात. घामाचा पैसा त्यावर खर्चावा का? थोडा इतिहास पाहू, म्हणजे उत्तर सापडेल.

१८०१ साली जर्मनीतील रिटर याने सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोधले. कातडी भाजते ती नुसत्या उष्णतेने नव्हे, तर या किरणांनी, हे १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्कने दाखविले. पुढे १८९१ मध्ये जर्मनीतच हामर या डॉक्टरने क्विनाइनचे मलम वापरून पाहिले. क्विनाइन म्हणजे आपले हिवतापावरचे कोयनेल, सिंकोनाच्या सालीतले! म्हणजे सुरुवात झाली ती झाडापासूनच.

१९२८ च्या सुमारास अमेरिकेत सॅलिसिलेट व सिनॅमेट ही रसायने घातलेले मलम विक्रीस आले. ही रसायने कारखान्यातली खरी. पण पहिल्याचे नाव वाळुंजाच्या कुळावरून आले आणि दुसऱ्याचे दालचिनीवरून. माहेर झाडाचे, सासर प्रयोगशाळेचे, असेच म्हणा ना!

आज दोहोंचा मेळ घालतात. किरण अडविण्याचे मुख्य काम रसायन करते. हिरव्या चहासारख्या वनस्पतींचा अर्क, जे किरण आत शिरतात त्यांनी होणारी हानी काहीशी कमी करतो. तो मदतनीस आहे, राखणदार नव्हे. शिवाय झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. कोडावरची बावची लावून उन्हात गेले, तर कातडी उलट अधिक भाजते.

तेव्हा डबीवर पानाफुलांचे चित्र आहे की नाही हे न पाहता 'एसपीएफ' हा आकडा पाहावा. ३० आकड्याचे मलम जाडसर लावले, तर कातडी भाजणारे शंभरांतले सुमारे ९७ किरण अडतात. पुसट लावले तर पुष्कळ कमी. घाम आला की, किंवा दर दोन तासांनी, ते पुन्हा लावावे लागते. आभाळ भरलेले असले तरी हे किरण येतातच, म्हणून रोवणीतही गाफील राहू नये.

आणि मलम परवडले नाही तर? खंत नको. लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, डोईला मोठा शेला आणि भर दुपारी झाडाची सावली, हे रक्षण जुने आहे आणि खात्रीचेही. शिक्षकबंधूंनी एवढे मुलांना सांगितले, तर ते घरोघरी आयांपर्यंत पोहोचेल.