जी. एन. जोशी यांची ध्वनिमुद्रण-कारकीर्द : मायक्रोफोन, वीज आणि कर्जत-खालापूर परिसर

सारांश

मराठी भावगीताचा इतिहास प्रामुख्याने कवी, संगीतकार व गायक यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ज्या तंत्रामुळे हळुवार आवाजाचे गायन लोकप्रिय होऊ शकले, त्या विद्युत ध्वनिमुद्रणाचा व त्यामागील वीजनिर्मितीचा विचार त्यात अभावानेच आढळतो. प्रस्तुत निबंधात भावगीताचे आद्य ध्वनिमुद्रित गायक व पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (एच.एम.व्ही.) कंपनीचे ध्वनिमुद्रण अधिकारी जी. एन. जोशी यांच्या कारकिर्दीचा परामर्श घेऊन, मुंबईला वीज पुरविणाऱ्या खोपोली व भिवपुरी या केंद्रांच्या परिसराचे या इतिहासाशी असलेले नाते तपासले आहे.

बीजसंज्ञा : भावगीत, ध्वनिमुद्रिका, मायक्रोफोन, जलविद्युत, कर्जत, खालापूर.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अमेरिकेत ‘क्रूनर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गायकांचा एक वर्ग उदयास आला. सभागृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याऐवजी हे गायक कानाशी बोलल्यासारखे गात. बिंग क्रॉस्बी हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. त्यांच्या गायकीला मोठ्या फुफ्फुसांपेक्षा चांगल्या मायक्रोफोनची अधिक गरज होती. मराठीत या प्रवृत्तीला समांतर असा गायनप्रकार म्हणजे भावगीत. दोहोंची संगीतपरंपरा सर्वस्वी भिन्न आहे. मात्र दोहोंना जन्म देणारे यंत्र एकच आहे. या साम्याचा विचार केल्यास भावगीताच्या इतिहासाला एक निराळी बाजू प्राप्त होते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे दोन आहेत. पहिले, जी. एन. जोशी यांच्या कारकिर्दीच्या आधारे मराठी गायनातील आवाजाच्या बदलाची कारणमीमांसा करणे. दुसरे, या बदलामागील विद्युतशक्तीच्या इतिहासात अंतर्भागातील रायगडचे, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांचे स्थान निश्चित करणे.

२. कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग याने केली. त्या काळी ध्वनिमुद्रण पूर्णतः यांत्रिक स्वरूपाचे होते. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई मेणाच्या तबकडीवर खाचा पाडीत असे. साहजिकच ज्याचा आवाज तीव्र व पल्लेदार, त्याचीच मुद्रिका चांगली उमटत असे. त्याच काळात मराठी रंगभूमीवर बालगंधर्व, केशवराव भोसले यांचे गायन गाजत होते. नाट्यसंगीतही ध्वनिवर्धकाविना नाट्यगृह भरून टाकणारे होते. रंगमंच आणि कर्णा यांची मागणी या बाबतीत सारखीच होती. त्यामुळे आरंभीच्या मराठी ध्वनिमुद्रिकांवर नाट्यपदांचा वरचष्मा असावा, हे ओघानेच आले.

१९२५ साली पाश्चात्त्य देशांत विद्युत ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर सुरू झाला व लवकरच ते तंत्र भारतातही आले. आता आवाजाचे रूपांतर विद्युत प्रवाहात होऊ लागले आणि तो प्रवाह हवा तेवढा वाढविता येऊ लागला. पुटपुटणे, श्वास घेणे, एखाद्या शब्दावर किंचित थांबणे, या सर्व सूक्ष्म गोष्टी तबकडीवर टिकू लागल्या. याच सुमारास पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी आपल्या कविता गाऊन सादर करीत होते. कवितेचे शब्द श्रोत्यांपर्यंत स्पष्टपणे पोहोचावेत ही या काव्यगायनाची मूळ गरज होती. तानांच्या पसाऱ्यात शब्द हरवू नयेत, ही अपेक्षा आणि हलका आवाज टिपणारे यंत्र, या दोहोंच्या संयोगातून ध्वनिमुद्रित भावगीत आकाराला आले असे म्हणता येईल.

३. जी. एन. जोशी : गायक

गोविंद नारायण जोशी यांचा जन्म १९०९ साली विदर्भातील खामगाव येथे झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी एच.एम.व्ही.ने त्यांच्या आवाजात ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता मुद्रित केली. देशपांडे हे मेहकरचे, तेही वकील. या कवितेचे नाव धारण करणारा त्यांचा संग्रह १९५४ साली निघाला. म्हणजे ही कविता पुस्तकातून वाचकांपर्यंत जाण्याच्या सुमारे दोन दशके आधी ध्वनिमुद्रिकेतून घरोघरी पोहोचली होती. मराठी काव्यव्यवहाराच्या इतिहासात ही घटना दुर्लक्षणीय नाही. मुद्रित पृष्ठाच्या आधी मुद्रित आवाज, असा हा क्रम आहे.

आद्य भावगीत-गायक कोण, हा वाद जुना आहे. जे. एल. रानडे यांचेही नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. या वादाचा निर्णय करणे हा येथे हेतू नाही. ‘शीळ’च्या यशाने ध्वनिमुद्रण कंपनीला एका नव्या बाजारपेठेची जाणीव करून दिली, एवढे निश्चितपणे म्हणता येते. नाटकाचा किंवा चित्रपटाचा आधार नसलेली, केवळ कवितेच्या बळावर उभी असलेली मुद्रिका खपू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

जोशी यांच्या या काळातील द्वंद्वगीतांत त्यांना गंगुबाई हनगल यांची साथ लाभली. गंगुबाईंच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या होत्या. पुढे किराणा घराण्याच्या भारदस्त, जवळजवळ मर्दानी आवाजाच्या गायिका म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्या गंगुबाई तीन मिनिटांच्या भावगीतात कोवळ्या आवाजात ऐकू येतात. ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन कसे ठरते, याचा हा एक चांगला दाखला आहे. लिखित चरित्रात जो बदल एका वाक्यात सांगितला जातो, तो येथे प्रत्यक्ष कानाने पडताळता येतो.

दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचेच गायन मावत असे. दीर्घ कवितेची कडवी त्यामुळे गाळावी लागत. भावगीताची आटोपशीर रचना ही केवळ अभिरुचीची निवड नव्हती. तबकडीच्या व्यासाने घातलेली ती मर्यादाही होती.

४. जी. एन. जोशी : ध्वनिमुद्रण अधिकारी

१९३८ साली जोशी एच.एम.व्ही.च्या सेवेत दाखल झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी मुंबईत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळली. मायक्रोफोनसमोरचा गायक काचेपलीकडे जाऊन बसला. त्यांच्या स्वतःच्या गायनाला या नोकरीने मर्यादा घातली. परंतु इतरांच्या गायनाचा जो ठेवा त्यांनी जमविला, त्याचे मोल मोठे आहे. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ यांच्यासारख्या कलावंतांची मने वळविणे, तासभर चालणारा राग काही मिनिटांत बसविण्यास त्यांना राजी करणे, हे काम ज्याने स्वतः तबकडीची मर्यादा गळ्याने अनुभवली होती त्यालाच साधणारे होते. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मपर पुस्तक आणि १९८४ साली निघालेले ‘डाउन मेलडी लेन’ हे इंग्रजी पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

त्यांच्या सेवाकाळात मेणाची तबकडी जाऊन चुंबकीय फीत आली आणि लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकेच्या जोडीला दीर्घ मुद्रिका आली. १९६७ साली शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा व हरिप्रसाद चौरसिया यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ मुद्रिका जोशी यांच्या निर्मितीतून साकार झाली. खोऱ्यातील एका दिवसाची कल्पना संतूर, गिटार व बासरी यांच्याद्वारे रागांच्या क्रमाने मांडणारी ही रचना जुन्या तबकडीवर अशक्य होती.

येथे क्रॉस्बी यांच्याशी असलेले साम्य पुन्हा लक्षात येते. १९४७ पासून क्रॉस्बी यांनी आपला रेडिओ-कार्यक्रम चुंबकीय फितीवर मुद्रित करून प्रसारित करण्यास प्रारंभ केला आणि फीतयंत्रे बनविणाऱ्या अँपेक्स कंपनीला ५०,००० डॉलर्सचे साहाय्य केले. हळुवार आवाजाच्या गायकाला यंत्राची जाण असावी लागते; दोन्ही गायक गाण्याकडून यंत्राकडे वळले हा योगायोग नव्हे. भेद मात्र मोठा आहे. क्रॉस्बी यांनी भांडवल गुंतविले. जोशी यांनी नोकरी पत्करली. ध्वनिमुद्रण-व्यवसायाची सूत्रे परकीय कंपनीच्या हाती असलेल्या वसाहतीत कलावंताला उपलब्ध असलेला मार्ग तोच होता.

५. वीज कोठून आली? : खोपोली व भिवपुरी

विद्युत ध्वनिमुद्रण, रेडिओ केंद्र, ध्वनिक्षेपक, बोलपट, या सर्वांना मुंबईसारख्या शहरात वीज मुबलक उपलब्ध होती म्हणूनच ते रुजले. ती वीज मोठ्या प्रमाणात सह्याद्रीच्या पायथ्याशी तयार होत होती. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून त्यावर चालणारे टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. हे ठिकाण खालापूर तालुक्यात आहे. त्यापाठोपाठ १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील केंद्र कार्यान्वित झाले. या विजेचे प्रमुख ग्राहक मुंबईच्या कापड गिरण्या होत्या. अमुक गाण्याचे मुद्रण अमुक केंद्राच्या विजेवर झाले, असा दावा येथे करावयाचा नाही. शहराच्या ज्या विद्युतीकरणामुळे नवा आवाज शक्य झाला, त्याचा उगम या दोन तालुक्यांत होता, एवढेच प्रतिपादन आहे.

या संदर्भात १९४२ हे वर्ष विशेष विचार करावयास लावणारे आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने या परिसरातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. परकीय सत्तेच्या युद्धयंत्रणेला आणि तिला माल पुरविणाऱ्या कारखान्यांना खीळ घालणे हा तिचा उद्देश होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले.

त्या वेळी जोशी मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होते. दोघेही कायद्याचे पदवीधर, दोघेही एकाच पिढीतील. एकाचे आयुष्य विजेने टिपलेल्या आवाजात गेले. दुसऱ्याने त्याच विजेचा मार्ग तोडताना प्राण दिले. यात एकाला थोर व दुसऱ्याला सामान्य ठरविण्याचे कारण नाही. तथापि भावगीताच्या इतिहासात हे वर्ष निव्वळ गोड गाण्यांचे म्हणून नोंदविणे अपुरे ठरते. शहरातील दिवाणखान्यात जे तंत्र सुखद वाटत होते, तेच डोंगराच्या पायथ्याशी सत्तेचे वाहन म्हणून ओळखले जात होते.

६. श्रोता : चावीचा फोनो आणि गणेशोत्सव

ध्वनिमुद्रण विजेवर झाले तरी ऐकण्यासाठी वीज लागत नसे, हे ध्वनिमुद्रिकेचे वैशिष्ट्य होते. चावी देऊन चालणारा फोनो वीज नसलेल्या गावातही वाजत असे. त्यामुळे वीजवाहिन्या ज्यांच्या शेतांवरून गेल्या, परंतु ज्यांच्या घरात दिवा लागण्यास पुढे अनेक वर्षे लागली, त्या गावांना विजेचे फळ दिव्याआधी गाण्याच्या रूपाने चाखावयास मिळणे शक्य झाले. अर्थात फोनो बाळगण्याची ऐपत मोजक्या घरांचीच होती. ठाकूर, कातकरी वाड्यांच्या स्वतःच्या गाण्यांना तर या तबकड्यांवर क्वचितच जागा मिळाली.

याउलट गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी ध्वनिमुद्रिकांबरोबरच गणेशोत्सवाच्या मंडपातून काव्यगायन करून भावगीत थेट श्रोत्यांपर्यंत नेले. एकटा गायक, हाताशी पेटी आणि समोर मायक्रोफोन, एवढ्या सामग्रीवर हजारोंचा समुदाय शांतपणे कविता ऐकत असे. हळुवार आवाज मैदानात पोहोचू शकला तो ध्वनिक्षेपकामुळे. पुढे १९६०च्या दशकात आकाशवाणीच्या आधारे अरुण दाते यांनी हाच धागा पुढे नेला. जोशी, वाटवे व दाते यांना अनुक्रमे तबकडी, मंडप आणि आकाशवाणी ही माध्यमे लाभली. मायक्रोफोन मात्र तिघांनाही समान होता.

७. निष्कर्ष

१. मराठी भावगीताचा उदय हा काव्याभिरुचीइतकाच विद्युत ध्वनिमुद्रणाचा परिणाम होता.

२. जी. एन. जोशी यांची कारकीर्द गायक व अधिकारी अशा दोन खंडांत विभागून पाहण्यापेक्षा, आवाज व यंत्र यांच्या संबंधाचा एकच सलग शोध म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक आहे.

३. खोपोली व भिवपुरी यांचा उल्लेख आजवर औद्योगिक इतिहासात होत आला आहे. सांस्कृतिक इतिहासातही त्यांना स्थान असावयास हवे.

४. याच विजेविरुद्ध झालेला १९४२चा लढा या सांस्कृतिक इतिहासाचे दुसरे अंग होय. दोन्ही अंगे एकत्र वाचल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

जोशी यांचे निधन १९९४ साली झाले. त्यांच्या पिढीच्या लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. पडल्या की फुटतात आणि माळ्यावरून काढल्या की बहुधा भंगारात जातात. त्या ऐकलेली माणसेही आता थोडीच उरली आहेत. कर्जत-खालापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन घरोघरच्या तबकड्यांची नोंद करावी. गावात वीज केव्हा आली, पहिला फोनो कोणाकडे होता, मंडपात कोण गाऊन गेले, हे प्रश्न वृद्धांना विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच आवाजात मुद्रित करावीत. ज्या भूमीने मुंबईला आवाज टिपण्याची शक्ती पुरविली, तिचा स्वतःचा आवाज मुद्रित होण्यास आणखी विलंब होऊ नये.