फ्लॉरेन्सची छत्री आणि तीन दिवसांची सुट्टी

बिबवेवाडीतलं लोकशाहीर अण्णाभाऊ साठे सभागृह दक्षिण पुण्याला नाटकं, मेळावे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांमुळे ठाऊक आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे, ते अण्णाभाऊ १९६१ साली मॉस्कोला जाऊन आले होते. लहानपणी वाटेगावहून मुंबईला पायी आलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, गिरणीत राबलेला हा माणूस रशियात पोचला तो ‘फकिरा’चा लेखक म्हणून. परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळाही बसला.

आज याच भागात, गंगाधाम, महेश सोसायटी, सुखसागरनगरच्या घरांमध्ये युरोपची चर्चा वेगळ्या कारणांनी होते. मुलगा किंवा मुलगी म्युनिकला, आइंडहोव्हनला आयटीत असते; आईवडील उन्हाळ्यात दोन-अडीच महिने त्यांच्याकडे राहतात आणि शनिवार-रविवार जोडून प्राग किंवा व्हिएन्ना बघून येतात. काही तरुण जोडपी तर पुण्याहूनच चार-पाच दिवसांची रजा टाकून एकच शहर पाहायचा बेत करतात. बेत म्हणजे रजेचा अर्ज, व्हिसाची तारीख, मुंबईहून विमान, स्टेशनजवळचं हॉटेल. एवढ्या सहज मांडता येणारी ही यादी तयार व्हायला अडीचशे वर्षं लागली. मराठी माणसाच्या युरोपवारीचा इतिहास हा बराचसा परवानग्यांचा इतिहास आहे. आधी परवानगी जातीची लागे, मग परकीय चलनाची, आता व्हिसाची.

सुरुवात पुण्याच्याच राजकारणातून झाली. पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथरावाने १७८१ मध्ये आपले वकील लंडनला धाडले. हनुमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्याबरोबर मणियार रतनजी व त्याचा मुलगा हे पारशी. परक्याच्या हातचं न खाणाऱ्या हनुमंतरावाचे लंडनमध्ये हाल होऊ लागले, तेव्हा एडमंड बर्क या संसदपटूने या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं. झाडं ठेवायची काचेची खोली त्यांना स्वयंपाकाला आणि पूजेअर्चेला मोकळी करून दिली. हिंदुस्थानातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर पुढे कडाडून टीका करणाऱ्या बर्कने मराठी रिवाज प्रथम जवळून पाहिला तो बहुधा इथेच. परतल्यावर हनुमंतरावाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सोन्याच्या योनिप्रतिमेतून बाहेर येऊन त्याने नवा जन्म घेतल्याची नोंद त्या काळच्या इंग्रजी लेखनात सापडते.

साताऱ्याच्या रंगो बापूजी गुप्त्यांची गोष्ट आणखी लांबची. छत्रपती प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे राहिले. ज्यांच्यासाठी गेले ते प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीला वारले, तरी हा वकील दार ठोठावत राहिला. १८५३ मध्ये तो रिकाम्या हाताने परत निघाला. १८५७ च्या उठावानंतर रंगो बापूजी बेपत्ता झाले. त्यांच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात फाशी दिलं गेलं. बिबवेवाडीच्या कडेने जाणारा रस्ता ज्या साताऱ्याला पोचतो, त्या साताऱ्याचा माणूस आयुष्यातली चौदा वर्षं एका युरोपीय शहरात घालवून आला. लंडन त्याच्याइतकं ओळखणारे मराठी लोक नंतरही फार झाले नसतील.

या सगळ्यांत मनाला सर्वांत जास्त लागणारी कथा मात्र कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची आहे, आणि युरोपातलं एखादं शहर निवडणाऱ्या मराठी कुटुंबाने ती आधी वाचावी अशी आहे.

१८७० चा मे महिना. सुएझ कालवा खुला होऊन वर्षही झालं नव्हतं. वीस वर्षांचे छत्रपती राजाराम इंग्लंडला निघाले. समुद्र ओलांडून तिकडे जाणाऱ्या पहिल्या हिंदू संस्थानिकांपैकी ते एक. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. लंडनमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले, संस्था पाहिल्या, माणसं पाहिली, आणि रात्री ते सारं टिपून ठेवलं. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं.

फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. दहनाला तिथे कायद्याची मुभा नव्हती. बरोबरच्या माणसांना आपल्या राजाचा देह जमिनीत पुरणं मान्य होईना. अखेर अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला, चिता रचली गेली. आपल्याकडे संगमाला जे महत्त्व आहे ते त्या परक्या गावातही जपलं गेलं. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच जागी स्मारक उभं राहिलं. मूर्तिकार फुलरने घडवलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, त्याच्यावर आपल्याकडच्यासारखी छत्री. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँटची, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला त्याच वास्तुकाराची. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंडियानो’ म्हणतात. १९७० च्या दशकात तिथून जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव पडलं. इटलीतल्या एका शहराच्या रोजच्या वाहतुकीत कोल्हापूरच्या तरुण राजाची आठवण अशी मिसळून गेली आहे. महाराजांची रोजनिशी वेस्टने १८७२ मध्ये छापून आणली. मराठी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकांत मिकेलँजेलोचा डेव्हिड हमखास असतो, ही छत्री क्वचितच. हे बदलायला हवं.

पुढच्या पिढीत बायका निघाल्या. १८८३ हे एकच वर्ष पाहावं. एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, वाटेत इंग्लंड. त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात गेल्या. या जोगिणींचं काम पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चालत असे. त्याच पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठितांनी चहा घेतला. तो घडवून आणला आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी, आणि हजर असलेल्यांची नावं छापूनही आणली. टिळक आणि रानडे दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराचं ग्रामण्य माजलं, प्रायश्चित्तं झाली. पेठेतल्या चहाला ही शिक्षा, तर समुद्रापलीकडच्या जेवणाला काय, हे वेगळं सांगायला नको. तरीही १८९७ मध्ये गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले, १९०२ मध्ये शाहू महाराज इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला गेले, आणि १९१८ मध्ये खुद्द टिळक पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी वर्षभर लंडनला राहिले. १९३२ मध्ये तिथे महाराष्ट्र मंडळ निघालं. जातीची परवानगी हळूहळू आपोआप रद्द झाली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला उडालं. बोटीचे आठवडे संपले. पण स्वतंत्र देशाकडे परकीय चलन नव्हतं, आणि जे होतं ते धान्याला, यंत्रांना लागत होतं. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या माणसाला बरोबर आठ डॉलर नेता येत, ही आठवण पुण्यातल्या अनेक घरांत अजून सांगितली जाते. परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा ‘पी’ फॉर्म, तिकडच्या यजमानाचं पत्र, आणि खर्च कोण करणार याचा खुलासा. जाणारे बहुतेक विद्यार्थी, अधिकारी, शिष्टमंडळातले सदस्य. बाकीच्या महाराष्ट्राने युरोप वाचला. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० चं, गंगाधर गाडगीळांचं ‘साता समुद्रापलीकडे’ त्याच सुमाराचं. जायला मिळण्याची आशा नसलेल्या घरांत ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली गेली.

मध्यमवर्गाला प्रत्यक्ष नेलं ते सहल कंपन्यांनी. शिक्षकी पेशातून आलेल्या केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, केसरी टूर्स काढली. १९९१ नंतर चलनाचे निर्बंध सैल होत गेले, २००० मध्ये ‘फेरा’ हा परकीय चलनाचा कायदा जाऊन ‘फेमा’ आला, आणि २००४ पासून सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक मिळाली. आता ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. बसमध्ये मराठी बोलणारा टूर लीडर, रात्री वरण-भात, मार्केटयार्डच्या व्यापारी कुटुंबांसाठी जैन जेवण. हनुमंतरावाला जी सोय बर्कच्या काचेच्या खोलीत मिळाली, ती आता पॅकेजमध्ये लिहून येऊ लागली. इंग्रजी न येणारी आजी आल्प्सच्या बर्फात उभी राहिली ती या कंपन्यांमुळे. हे काम फार मोठं आहे आणि त्याचं श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवं.

त्याची किंमतही होती. पंधरा दिवसांत आठ-दहा देश म्हणजे रोज पहाटे बॅग भरणं, आणि शहर बसच्या काचेतून पाहणं. रंगो बापूजींची चौदा वर्षं आणि सहलीचा दीड दिवस यांच्यामध्ये कुठेतरी शहराची ओळख होते. पुण्याच्या मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’ लिहिलं ते एकाच शहरात वर्षानुवर्षं राहून. ते पुस्तक इतक्या वाचकांना भावलं यातच मराठी प्रवाशाला काय हवं होतं ते दिसतं. म्हणूनच एकाच शहरात तीन-चार रात्री काढण्याचा नवा बेत स्वागतार्ह आहे. दिवस थोडे, पण ते सगळे एकाच गावाचे.

राहिली तिसरी परवानगी. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला. आज २९ देश त्यात आहेत. एका व्हिसावर सगळीकडे जाता येतं, पण १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. २०१५ पासून भारतात अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे निदान पहिल्या वेळी केंद्रावर स्वतः जावंच लागतं. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. याचा जाच खरा आहे. तरी एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी एक चांगला नियम झाला: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा सहसा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी. जोडून सुट्टी आली आणि निघालो, हे बिबवेवाडीकराला खऱ्या अर्थाने शक्य होतं ते असा व्हिसा हाती आल्यावर.

पुण्याहून युरोपला थेट विमान आज नाही. २००८ मध्ये लुफ्तान्झाने फ्रँकफर्टसाठी फक्त बिझनेस क्लासच्या आसनांचं छोटं विमान सुरू केलं होतं. पुण्यातल्या जर्मन कारखान्यांना त्याचा उपयोग झाला, पुढे ती सेवा बंद पडली. तेव्हा मुंबई गाठावी लागते. जाण्या-येण्यात मिळून दोन दिवस जातात, हे धरूनच रजा टाकावी.

फ्लॉरेन्स ठरवलं, तर रोमला उतरून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासात पोचता येतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात तारखा लवकर भरतात, म्हणून तो रेंगाळू देऊ नये. उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा ती शनिवारी-रविवारी उरकावीत आणि त्यांची तिकिटं इथूनच काढावीत. सोमवारची सकाळ कास्चिने बागेसाठी ठेवावी. बाग लांबलचक आहे, संगम तिच्या पश्चिम टोकाला आहे, चालायची तयारी हवी. मुलं बरोबर असतील तर त्यांना राजाराम महाराजांची गोष्ट पुण्यातच सांगून न्यावं.