न दिसणाऱ्या विजेची पारख



हिवाळ्यात पॉलिस्टरची साडी काढताना चटचट आवाज होतो. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवला की कागदाचे कपटे त्याला चिकटतात. ही घासण्यातून आलेली वीज. ती डोळ्यांना दिसत नाही. मग माणसाने ती ओळखली कशी? आज आम्ही तेच सांगणार आहोत.

इंग्लंडात विल्यम गिल्बर्ट नावाचे डॉक्टर होते. लसूण चोळला की लोहचुंबकाची ताकद जाते, असं तेव्हा पुष्कळ जण मानत. गिल्बर्टनी ते करून पाहिलं आणि खोटं ठरवलं. १६०० साली छापलेल्या पुस्तकात त्यांनी एक साधन सांगितलं : अणकुचीदार टोकावर तोललेली धातूची हलकी सुई. अंबर, काच किंवा गंधक घासून जवळ नेलं की सुई तिकडे वळे.

पुढे रशियात, सेंट पीटर्सबर्गला, गेओर्ग रिखमान यांनी धातूच्या पट्टीला धागा लावला. वीज आली की धागा पट्टीपासून दूर सरके, आणि किती सरकला ते मोजता येई. ढगातली वीज मोजायला त्यांनी छपरावरच्या सळईची तार घरात आणली, पण ती जमिनीला जोडलेली नव्हती. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळात धागा पाहायला ते जवळ गेले, तोच वीज त्यांच्या कपाळावर आली. ते जागीच गेले. इमारतीवरच्या वीजरोधकाची तार थेट जमिनीत पुरतात, ती विजेला माणसावाचून वाट मिळावी म्हणूनच.

१७८७ साली इंग्लंडातले पाद्री अब्राहम बेनेट यांनी काचेच्या भांड्यात सोन्याच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगल्या. वर धातूचं झाकण. भार असलेली वस्तू झाकणाला लावली की दोन्ही पट्ट्यांवर सारखाच भार येतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पट्ट्या फाकतात. काचेमुळे वारा लागत नाही आणि वर्ख हलका, म्हणून थोडासा भारही कळतो. भात्याने खडूची पूड झाकणावर उडवली तरी पट्ट्या हलत. आपली मुलं शाळेत 'सुवर्णपत्र विद्युतदर्शी' शिकतात, ते हेच.

गटाच्या बैठकीत करून पाहा. काचेची कोरडी बरणी घ्या. प्लास्टिकच्या झाकणातून उघडी तार आत सोडा, तिच्या आकड्यात पातळ चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या अडकवा. केसांवर घासलेला कंगवा तारेच्या वरच्या टोकाजवळ न्या. प्रयोग कोरड्या दिवशीच करा. दमट हवेत भार टिकत नाही.

आणि ढग गडगडू लागले की प्रयोग नको. शेतातलं काम सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या.