पहिली कादंबरी आणि तिचा वाचक

नव्या लेखकाची पहिली कादंबरी हातीं आली म्हणजे वाचक मनाशीं दोन प्रश्न विचारतो. पुढें काय होणार, हा एक. आणि असें खरोखर घडतें काय, हा दुसरा. मराठी कादंबरीचा आरंभकाळ म्हणजे ह्या दोन प्रश्नांमधील ओढाताणीचा इतिहास होय.

१८५७ सालीं बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी निघाली. प्रवासास निघालेल्या एका जोडप्याच्या दृष्टीस ठिकठिकाणीं विधवांचे हाल पडतात, आणि पुढें स्वतः यमुनेवरच वैधव्य ओढवतें, असें तिचें कथानक. विषय घरोघरचा, परंतु ग्रंथाचा कल ख्रिस्ती धर्माकडे, आणि त्यांतील दुःख वाचकाच्या उंबरठ्याच्या आंतलें. ह्या वाटेनें पुढचे लेखक लगेच गेले नाहींत.

ते वळले अद्भुताकडे. १८६१ सालची लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ सालची नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ह्या आपापल्या लेखकांच्या पहिल्याच कादंबऱ्या. एकींत दुष्टांचीं कारस्थानें आणि नायिकेवर संकटांमागून संकटें. दुसरींत राजपुत्र, राजकन्या आणि प्रीतीचे रंग. वाचकांनीं आपलें मत लेख लिहून दिलें नाहीं. तें पुस्तकें वाचून दिलें. दोन्ही पुस्तकें पुन्हा छापावीं लागलीं, आणि त्या धर्तीवर कथा रचणारे आणखी लेखक पुढें आले.

विद्वानांस हें रुचलें नाहीं. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं ‘नावल’ व नाटक ह्यांवर निबंध प्रसिद्ध करून असल्या कथांतील असंभाव्य प्रसंगांवर टीका केली. टीका यथार्थ होती. परंतु रिसबुडांनीं ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेंत तिचें उत्तर आधींच देऊन ठेविलें होतें. आपल्या लोकांतील विवाहाची रीति आणि एकंदर राहणी पाहतां रोजच्या जीवनांत मन रमावें असें कांहीं सांपडत नाहीं. म्हणून लेखकास अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांचा आशय होता.

ह्या समर्थनास हंसणें सोपें आहे. पण त्या समाजांत मुलींचीं लग्नें बाळपणींच होत. कायद्यानें ठरलेलें संमतिवय १० वर्षें होतें. तें १२ झालें १८९१ सालीं, आणि तेंही मोठ्या वादळानंतर. प्रीति म्हणजे काय हें कळण्यापूर्वींच ज्याचें लग्न उरकलें, त्या तरुणानें ती पुस्तकांत शोधली, तर तो केवळ अभिरुचीचा दोष कसा म्हणावा? जीवनांत काय उणें आहे, हेंच वाचक आपल्या आवडीनें सांगत होता.

हें मर्म हरि नारायण आपटे यांच्या हातीं लागलें. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ सालीं ‘पुणें वैभव’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां ते अवघे २१ वर्षांचे होते. तिची प्रेरणा रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथेची. परंतु चित्र होतें पुण्याच्या समाजाचें. पुढील अंकाची वाट पाहावयास लावण्याची कला त्यांनीं टाकून दिली नाहीं. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रसिद्ध होऊं लागली. तिची नायिकाही यमुनाच, आणि तीही विधवा. बाबा पदमनजींनीं जें दुःख प्रवासांत दाखविलें, तेंच आतां माजघरांतून एक स्त्री स्वतःच्या शब्दांत सांगत होती.

पुढें काय होणार, हें वाचक आतांही विचारीत होता. मात्र असें खरोखर घडतें काय, ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं त्याला पुस्तकाबाहेर फार दूर जावें लागत नव्हतें. आपल्याच घरांत एकवार पाहिलें कीं पुरे होतें.