टायरचे आकारमान : जुन्या जीप व पिक-अप गाड्यांतील चाकबदल

जुन्या मोटारवाहनाची मूळ चाके काढून त्यांच्या जागी निराळ्या व्यासाची वा रुंदीची चाके बसविली, म्हणजे त्यांना अनुरूप असा टायर निवडावा लागतो. ही निवड दुकानातील तक्त्यावरून सहज उरकता येईल, असे वरवर पाहता वाटते. तथापि टायरवर छापलेली संख्या ही निरनिराळ्या काळांतील मापनपद्धतींचा वारसा आहे. त्यामुळे जुनी व नवी संख्या थेट ताडून पाहता येत नाही. मुंबईत जुळणी झालेली जीप आणि तिच्यावर आधारलेल्या पिक-अप गाड्या हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय.

मुंबईतील पार्श्वभूमी : मध्य रेल्वेवरील चिंचपोकळी व परळ या स्थानकांच्या दरम्यान असलेले करी रोड गिरणगावाच्या ऐन मध्यात येते. कॉटन ग्रीनच्या वखारींतून गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाच्या गाठी प्रथम बैलगाड्यांतून वाहिल्या जात. या गाड्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव चढविलेली असे. लोहार चाकाचा परीघ मोजून त्याहून किंचित आखूड धाव घडवी आणि ती तापवून चढवी. निवल्यावर आकुंचन पावून ती चाकाला घट्ट आवळून बसे. म्हणजे चाकाच्या वेष्टनाचे माप परिघावरून ठरवावयाचे, हे तत्त्व मोटारीच्या आधीपासून परिचित होते.

पुढे मालमोटारी आल्या आणि टायरचा उद्योग याच परिसराच्या निकट वाढला. करी रोडच्या पूर्वेस शिवडी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फायरस्टोन कंपनीचा टायर कारखाना सुरू झाला. पुढे त्याची मालकी बदलत गेली व अखेर तो बंद पडला. सीएट कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली व तिचा कारखाना भांडुप येथे उभा राहिला. दक्षिणेस माझगाव येथे महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये विलीज जीपच्या जुळणीस आरंभ केला. या कंपनीने १९६५ मध्ये जीपच्याच यंत्रणेवर आधारलेली, चालकाची जागा एंजिनाच्या वर असलेली एफसी–१५० ही मालवाहू गाडीही बाजारात आणली.

आकारमानदर्शक संख्यांचा विकास : हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ मध्ये घेतले, व्यवहारोपयोगी टायर जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये तयार केला. प्रारंभीच्या मोटार टायरवर एकूण व्यास व रुंदी इंचांत देत. उदा., ३०×३<sup>१</sup>/<sub>२</sub>. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आल्यावर टायरची रुंदी व रिमचा (चाकाच्या कड्याचा) व्यास देण्याची रीत रूढ झाली. जीपचा ६.००–१६ हा टायर याच पद्धतीतला आहे. त्याची रुंदी सु. ६ इंच व रिमचा व्यास १६ इंच असतो. उंची मात्र लिहिलेली नसते. ती रुंदीच्या जवळपास असते, असे गृहीत धरलेले असते.

मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये अरीय टायरचे एकस्व घेतले. जुन्या तिर्यक टायरमध्ये धाग्यांचे पदर एकमेकांना तिरके छेदतात. अरीय टायरमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि त्यांवर पोलादी तारांचा पट्टा असतो. भारतात अरीय टायरचे उत्पादन १९७७ मध्ये जे. के. कंपनीने सुरू केले. टायर बसके होत गेल्याने उंचीचा स्वतंत्र निर्देश आवश्यक ठरला. बोलेरो या २००० साली आलेल्या गाडीचा २१५/७५ आर १५ हा टायर घेतल्यास, त्याची रुंदी २१५ मिमी., उंची रुंदीच्या ७५ टक्के, रचना अरीय व रिमचा व्यास १५ इंच असा अर्थ होतो. एकाच संख्येत मिलिमीटर, टक्के व इंच अशी तीन परिमाणे येतात, हा या संमिश्र वारशाचाच परिणाम होय.

व्यासाची तुलना : जुनी जीप व बोलेरो या दोहोंच्या चाकांचे पाच बोल्ट १३९.७ मिमी. (५.५ इंच) व्यासाच्या वर्तुळावर असतात. त्यामुळे सहज मिळणारी १५ इंची चाके जुन्या गाडीला लावण्याचा मोह होतो. परंतु चाक बोल्टांवर बसणे व ते गाडीला अनुरूप असणे या भिन्न गोष्टी आहेत.

६.००–१६ टायरचा एकूण व्यास नक्षीच्या खोलीप्रमाणे सु. ७२५ ते ७४५ मिमी. भरतो, मध्यम मान ७३५ मिमी. धरता येईल. २१५/७५ आर १५ टायरची उंची २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिमी. तिची दुप्पट ३२२.५ मिमी. व रिमचा व्यास ३८१ मिमी. यांची बेरीज ७०३.५ मिमी. होते. हा टायर मूळ टायरपेक्षा ४ टक्क्यांहून अधिक लहान ठरतो. परिणामी वेगमापक ताशी ६० किमी. दाखवीत असता खरा वेग सु. ५७ किमी. असतो, त्याच वेगाला एंजिनाचे फेरे वाढतात व आसाची जमिनीपासूनची उंची सु. १६ मिमी.ने घटते. याउलट २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी. व २३५/७० आर १६ चा सु. ७३५ मिमी. येतो. म्हणजे लिखित संख्येत मूळ टायरशी फारसे साम्य नसलेले हे दोन टायर व्यासाने मात्र त्याच्या सर्वांत जवळ आहेत.

मोठा टायर घेण्यातील धोका अधिक गंभीर असतो. सु. ७७५ मिमी. व्यासाचा ७.००–१६ टायर लावल्यास वेगमापकावर ताशी ६० किमी. दिसत असता गाडी सु. ६३ किमी. वेगाने धावते. चढावर ओढ कमी पडते आणि ब्रेक तेच राहिल्याने चाक थांबविण्यास अधिक जोर लागतो. भरलेल्या गाडीने पूल वा घाट उतरताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

निवडीच्या इतर कसोट्या : व्यास जुळला तरी रिमची रुंदी पाहणे अगत्याचे असते. लष्करी जीपचे मूळ रिम ४.५ इंच रुंद होते, २३५ मिमी. रुंदीच्या टायरला सु. ६ ते ८ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगून लवकर झिजतो व वळणावर टायर डळमळतो. चाकाची बैठक मूळ चाकापेक्षा फार बाहेर आली, तर धारव्यांवरील (बेअरिंगांवरील) भार वाढतो व सुकाणूचक्र जड होते. चाक पूर्ण वळविले असता टायर पाटा, चिखलपट्टी अथवा ब्रेकची नळी यांना घासतो काय, हे गाडी भरलेली असताना तपासावे लागते.

पिक-अप गाडीत भारक्षमतेचे महत्त्व विशेष असते. जुन्या टायरवर ती पदरमानाने (६ पदरी, ८ पदरी इ.) दर्शवीत. सुती धाग्यांच्या काळात हे मान प्रत्यक्ष पदरांइतकेच असे. रेयॉन व नायलॉन आल्यावर ते केवळ तुल्यबळाचे निदर्शक उरले. नव्या टायरवर भारांक असतो : ९८ म्हणजे ७५० किग्रॅ., १०० म्हणजे ८०० किग्रॅ. व १०९ म्हणजे १,०३० किग्रॅ. मागील आसावर १,५०० किग्रॅ. भार येत असल्यास प्रत्येक टायरचा भारांक किमान ९८ हवा. प्रवासी मोटारीचा टायर केवळ आकाराने जुळतो म्हणून मालवाहू गाडीस लावणे घातक ठरते.

एकाच आसावर तिर्यक व अरीय टायर एकत्र लावू नयेत. पुढे अरीय व मागे तिर्यक टायर असल्यास वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा संभव असतो. जीपसारख्या गाडीत चारही चाकांना गती दिली असता पुढील व मागील आस एकमेकांस जखडले जातात. त्यामुळे चारही टायरचे परीघ समान नसले, तर कोरड्या रस्त्यावर गतिवाटप करणाऱ्या दंतचक्रपेटीवर सतत ताण येऊन ती निकामी होऊ शकते.

कायदेशीर बाजू : मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूलतः ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा पुनरुच्चार केला. कलम ५८ नुसार परिवहन वाहनाच्या नोंदणीत प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार व आकारमान यांची नोंद घ्यावी लागते. त्यामुळे मालवाहू पिक-अपचा चाकबदल ही केवळ हौसेची बाब राहत नाही. अपघातानंतर हीच नोंद तपासली जाण्याचा संभव असतो.

व्यावहारिक पडताळा : सर्वांत विश्वासार्ह पडताळा जुन्या लोहाराच्या रीतीशी मिळताजुळता आहे. टायरमध्ये योग्य दाबाची हवा भरून व गाडीवर नेहमीचा भार ठेवून टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी. गाडी सरळ रेषेत चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकलून ते अंतर मोजावे. हाच टायरचा फिरता परीघ होय. जुन्या व नव्या चाकांचे हे माप शक्य तितके जुळले, भारांक पुरेसा असला आणि रिमची रुंदी योग्य असली, तर टायरवरील संख्या निराळी असूनही ब्रेक, वेगमापक व दंतचक्रे यांचे मूळ प्रमाण टिकून राहते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट जुळत नसेल, तर मूळ आकारमानाचा टायर शोधणेच श्रेयस्कर ठरते.