आर्क दिव्याची थरथर

कार्बनच्या दोन कांड्या बॅटरीला जोडून त्यांची टोके क्षणभर एकमेकांना टेकवली आणि मग किंचित दूर केली, की मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश उजळतो. हाच आर्क. टोके टेकलेली असताना तिथे प्रचंड उष्णता निर्माण होते, कार्बनची वाफ होते आणि टोके दूर झाल्यावरही त्या तप्त वाफेतून वीज वाहत राहते. रशियात वसिली पेत्रोव्ह यांनी १८०२ साली हा आविष्कार पाहिला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोठ्या बॅटरीवर तो जाहीरपणे दाखवला. पाहणारे थक्क झाले, पण या प्रकाशात बसून कुणाला पानभर वाचता आले नसते. तो थरथरे, एका बाजूला सरके, मध्येच निळा-जांभळा होई, फुसफुस आवाज करी आणि काही मिनिटांत विझून जाई. ही खोड मोडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, कारण ती एकच खोड नव्हती. एक दोष दूर केला की त्याच्यामागे दडलेला दुसरा उघडा पडे.

पहिला दोष कांड्यांचाच होता. डेव्ही यांनी लाकडी कोळसा वापरला होता. तो मऊ, सच्छिद्र आणि हवेत भराभर जळणारा. १८४४ च्या सुमारास पॅरिसमध्ये लेओं फुको यांनी कोळशापासून दिव्याचा गॅस काढण्याच्या भट्टीत आतल्या भिंतींवर जमणारे कठीण कार्बनचे पापुद्रे घेतले आणि त्यांतून कांड्या कापल्या. गॅसच्या कारखान्यात हा पदार्थ टाकाऊ समजला जाई. तो घट्ट होता, सावकाश जळे आणि वीजही चांगली वाहून नेई. त्याच दशकात बुनसेन यांचा कार्बन-जस्ताचा विद्युतघट हाती आल्यामुळे पुरेसा प्रवाहही मिळू लागला, मग त्यातून नायट्रिक आम्लाची घुसमटवणारी वाफ निघत असली तरी. १८४४ सालीच पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्दमध्ये देल्यय यांनी आर्क दिवा लावून दाखवला. गॅसभट्टीच्या कार्बनने दिवा मिनिटांवरून तासांवर आला. मात्र त्या कार्बनमध्ये वाळूचे आणि इतर खनिजांचे कण असत. असा कण ज्योतीत आला की त्याची वाफ होऊन रंग बदले आणि ज्योत उसळे. हा त्रास पुढे तीस वर्षे राहिला.

कांडी टिकू लागली तेव्हा फटीचा प्रश्न समोर आला. कांड्या जळतात, म्हणजे फट रुंदावते. फट रुंदावली की विजेला होणारा रोध वाढतो, प्रवाह घटतो आणि शेवटी ज्योत तुटते. त्यात आणखी एक अडचण अशी की एकदिश प्रवाहावर धन कांडी ऋण कांडीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झिजते. म्हणजे कांड्या नुसत्या जवळ आणून भागत नाही. दोन्ही निरनिराळ्या वेगाने सरकवल्या तरच प्रकाशाचा बिंदू जागचा हलत नाही. सुरुवातीला हे काम माणूस स्क्रू फिरवून करी. १८४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम स्टेट आणि फ्रान्समध्ये फुको यांनी ते यंत्राकडे सोपवले. दोघांच्या कल्पनेचा गाभा सारखा होता. घड्याळासारखे चक्र कांड्या पुढे ढकलणार, आणि दिव्यातूनच जाणारा प्रवाह एका विद्युतचुंबकामार्फत त्या चक्राला अडवणार किंवा मोकळे सोडणार. प्रवाह घटला की चुंबक ढिला पडतो, चक्र सुटते, कांड्या जवळ येतात. प्रवाह वाढला की चक्र पुन्हा अडते. स्टेट यांचा दिवा १८४८ साली ट्रॅफल्गर चौकात, नॅशनल गॅलरीच्या इमारतीवरून लोकांना दाखवण्यात आला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअर यांच्या ‘ल प्रोफेत’मधला सूर्योदय आर्क दिव्याने उगवला. रंगभूमीला हा दिवा आधी परवडला, रस्त्यांना नंतर, आणि त्याचे कारण उघड आहे: सूर्योदय काही मिनिटांचा असतो, रस्त्यावरची रात्र दहा-बारा तासांची.

व्हिक्टर सेरँ यांनी १८५० नंतरच्या दशकात बनवलेला नियामक या घराण्यातला सर्वांत सुबक म्हणावा लागेल. त्यात चक्र फिरवायला स्प्रिंग नव्हती. वरच्या कांडीच्या धारकाचे स्वतःचे वजनच चक्र फिरवी आणि त्याच चक्राने खालची कांडी वर चढे. दोन्हींच्या वेगाचे प्रमाण दातांच्या चाकांनी ठरवलेले असे. खालची कांडी एका हलत्या चौकटीवर बसवलेली होती. विद्युतचुंबक ती चौकट किंचित खाली ओढून फट उघडी आणि चक्राला खीळ घाली. दीपगृहाला असाच दिवा हवा होता. भिंगांच्या मध्यबिंदूवरून प्रकाश बोटभर सरकला तरी समुद्रावर पडणारा झोत भलतीकडे जातो. इंग्लंडमध्ये साउथ फोरलँडच्या दीपगृहात १८५८ साली फ्रेडरिक होम्स यांच्या चुंबकीय जनित्रावर आर्क दिवा लागला, आणि त्याच्या पाहणीचे काम वृद्ध मायकेल फॅरडे यांनी केले. फ्रान्समध्ये ल आव्हरजवळच्या ला हेव दीपगृहाने १८६३ साली विजेचा दिवा स्वीकारला.

दीपगृहात एका जनित्रावर एक दिवा असे. ग्राम यांच्या डायनामोमुळे १८७० नंतर वीज स्वस्त झाली आणि एका तारेवर अनेक दिवे लावायची वेळ आली, तेव्हा इतक्या मेहनतीने जमवलेली ही यंत्रे एकमेकांशी भांडू लागली. एकसर जोडणीत सगळ्या दिव्यांतून एकच प्रवाह जातो. एका दिव्याची फट वाढली की सगळ्यांचा प्रवाह घटे; मग ज्यांची फट ठीक होती त्यांचेही चुंबक ढिले पडत आणि तेही विनाकारण कांड्या पुढे ढकलत. लगेच प्रवाह जादा होई आणि सगळे मागे सरत. दिव्यांची अख्खी रांग अशी हेलकावे खाई.

यातून सुटण्याचा एक मार्ग नियामकच काढून टाकण्याचा होता. पाव्हेल याब्लोच्कोव्ह या रशियन अभियंत्याने १८७६ साली पॅरिसमध्ये दोन कांड्या समोरासमोर न ठेवता शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि मध्ये पांढऱ्या मातीचा किंवा प्लास्टरचा थर भरला. ज्योत वरच्या टोकांमध्ये पेटे आणि मधला थर वितळत मेणबत्तीसारखी खाली उतरत जाई. फट आपोआप कायम राहत असल्यामुळे चक्र, चुंबक काहीच लागत नसे. दोन्ही कांड्या सारख्या झिजाव्यात म्हणून त्यांना प्रत्यावर्ती प्रवाह दिला जाई. १८७८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पॅरिसचा अव्हन्यू द लोपेरा या ‘मेणबत्त्यां’नी उजळला आणि त्याच वर्षअखेर लंडनमध्ये टेम्सच्या किनाऱ्यावर त्या लागल्या. पण एक कांडी जेमतेम दीड-दोन तास टिके, विझली की पुन्हा पेटत नसे, आणि मधल्या थरातल्या अशुद्धींनी प्रकाशाचा रंग बदलत राही. युरोपच्या रस्त्यांना विजेची चटक लावण्याचे श्रेय या दिव्याचे आहे. स्थैर्याचा प्रश्न मात्र त्याने बाजूला सारला, सोडवला नाही.

खरे उत्तर १८७८ च्या सुमारास सीमेन्स आणि हाल्स्के कंपनीच्या फ्रीडरिश फोन हेफ्नर-आल्टेनेक यांच्या भेददर्शी दिव्यात मिळाले. त्यात एकाऐवजी दोन वेटोळी होती. जाड तारेचे वेटोळे दिव्याच्या ओळीत, म्हणून ते प्रवाह मोजी. बारीक तारेचे वेटोळे फटीच्या दोन बाजूंना जोडलेले, म्हणून ते फटीवरचा विद्युतदाब मोजी. दोन्ही एकाच दांड्याला विरुद्ध दिशांना ओढत. म्हणजे दांडा नुसत्या प्रवाहावर नव्हे, तर दाब आणि प्रवाह यांच्या प्रमाणावर, म्हणजेच फटीच्या रोधावर चाले. स्वतःच्याच फटीचा रोध बदलला, तरच तोल ढळे. आता प्रत्येक दिवा फक्त आपल्यापुरते पाहू लागला. अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी हेच काम वेगळ्या घडणीने साधले. त्यांच्या दिव्यात वरच्या कांडीच्या दांड्याभोवती एक सैल धातूची चकती असे. विद्युतचुंबकाने चकतीची एक कड उचलली की ती तिरपी होऊन दांड्याला पकडी. चुंबक ढिला पडला की चकती सपाट बसे आणि दांडा स्वतःच्या वजनाने तसूभर घसरे. हालचालीला झटका बसू नये म्हणून ग्लिसरीन भरलेल्या नळीत एक दट्ट्या फिरे. दातेरी चाकांच्या घड्याळी कामापेक्षा ही चकती कितीतरी स्वस्त होती आणि ऊन-पावसात बिघडतही नसे. २९ एप्रिल १८७९ रोजी क्लीव्हलंडच्या चौकात ब्रश यांचे १२ दिवे लागले.

याच सुमारास कांड्याही सुधारल्या. गॅसभट्टीचा कार्बन कापण्याऐवजी शुद्ध कोकची पूड डांबरासारख्या चिकट द्रव्यात मळून, दाबाखाली साच्यातून काढून आणि भाजून कांड्या बनू लागल्या. फ्रान्समध्ये कारे यांनी हा धंदा पुढे नेला. ब्रश यांनी कांड्यांवर तांब्याचा मुलामा चढवला. नंतर धन कांडीच्या पोटात मऊ कार्बनचा गाभा भरण्याची पद्धत आली. गाभ्याची वाफ लवकर होत असल्यामुळे ज्योत कांडीच्या मध्याशी टिके आणि कडेकडेने भटकणे कमी होई.

इतके सगळे झाल्यावरही आर्क दिवा मध्येच फुसफुसायला लागे. प्रकाश एकदम मंदावे, ज्योत फिरू लागे, कडेला हिरवट झाक दिसे. नियामक निर्दोष, कांडी शुद्ध, तरीही हे घडे. अभियंत्यांनी पन्नास वर्षे ज्योत धरून ठेवण्याची यंत्रे बनवली होती, पण ज्योतीत नेमके काय चालते याचा पद्धतशीर शोध फारसा कुणी घेतला नव्हता. तो हर्था आयर्टन यांनी घेतला, आणि या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम त्यांचेच आहे.

जन्म १८५४ चा, माहेरचे नाव सारा मार्क्स. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या. पुढे विद्युत अभियंते विल्यम आयर्टन यांच्या वर्गात त्या आल्या आणि १८८५ साली दोघांचे लग्न झाले. आर्कवरचे प्रयोग पतीने सुरू केले होते. १८९३ साली विल्यम शिकागोच्या विद्युत परिषदेला गेले असताना त्या विषयावरचे त्यांचे हस्तलिखित जळून गेले. हर्था यांनी जुने निष्कर्ष जमवत न बसता सगळे मोजमाप नव्याने केले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून भिंगाने तिची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडून त्या कांड्यांचे आकार आखत आणि फटीची लांबी मोजत. फट आणि प्रवाह बदलला की दिवा लगेच स्थिर होत नाही. टोकांना नवा आकार यायला वेळ लागतो. आधीच्या संशोधकांनी तेवढी वाट न पाहिल्यामुळे त्यांची मापे एकमेकांशी जुळत नसत. आयर्टन टोकांचा आकार स्थिरावेपर्यंत थांबत आणि मगच नोंद घेत. त्यातून फटीवरचा दाब, फटीची लांबी आणि प्रवाह यांचा साधा संबंध त्यांना मिळाला. त्यांच्या सूत्राप्रमाणे भरीव कांड्यांची फट ३ मिलिमीटर असेल, तर ५ अँपिअरला सुमारे ५४ व्होल्ट लागतात आणि १० अँपिअरला सुमारे ४९. प्रवाह दुप्पट झाला आणि लागणारा दाब उलट कमी झाला. साध्या तारेत याच्या नेमके उलटे होते. म्हणूनच ठरावीक दाबाच्या तारेवर आर्क दिवा सरळ जोडला तर प्रवाह किंचित वाढताच तो वाढतच सुटतो. त्याला आवर घालायला दिव्याच्या ओळीत एक रोध, किंवा प्रत्यावर्ती प्रवाह असेल तर लोखंडी गाभ्याचे वेटोळे, घालावेच लागते. कारागीर हा रोध अनुभवाने घालतच होते. आता तो का आणि किती, हे कळले.

मग फुसफुस. धन कांडीच्या टोकाला वाटीसारखा खळगा पडतो आणि दिव्याचा बहुतेक प्रकाश या खळग्यातूनच येतो. आयर्टन यांना दिसले, की प्रवाह मर्यादेत असेल तोवर खळगा टोकाच्या आत मावतो आणि कार्बनच्या वाफेचे आवरण त्याला झाकून ठेवते. प्रवाह वाढवला की खळगा पसरतो, टोकाची कड ओलांडून कांडीच्या बाजूवर चढतो, आणि तिथे हवा त्याला गाठते. ऑक्सिजनचा तप्त कार्बनशी संयोग झाला की दिवा फुसफुसतो आणि फटीवरचा दाब एकदम सुमारे १० व्होल्टनी कोसळतो. हा तर्क त्यांनी दोन्ही बाजूंनी पडताळला. आर्क बंद भांड्यात, हवेपासून तोडून ठेवला तेव्हा कितीही प्रवाह वाढवून दाब कोसळला नाही. उलट, शांत जळणाऱ्या आर्कच्या धन कांडीला आरपार भोक पाडून त्यातून खळग्यात ऑक्सिजन सोडताच दाब तसाच कोसळला; नायट्रोजन सोडला तेव्हा तसे काहीच झाले नाही.

हे निष्कर्ष मांडणारा निबंध त्यांनी मार्च १८९९ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्समध्ये स्वतः वाचला. तिथे आपला निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि लवकरच त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्यही. १९०१ साली रॉयल सोसायटीत मात्र त्यांचा निबंध जॉन पेरी यांना वाचावा लागला. पुढच्या वर्षी त्यांचे नाव सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्रीला कायद्याने सदस्य होता येत नाही असे सांगून ते नाकारण्यात आले. त्याच वर्षी त्यांचे ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हे पुस्तक निघाले आणि १९०६ साली सोसायटीनेच त्यांना ह्यूज पदक दिले. दार बंद ठेवून दिलेले ते पदक होते, हे विसरता येत नाही. नंतर ब्रिटिश नौदलाच्या शोधदिव्यांसाठी कांड्यांची जाडी आणि आकार कसे असावेत, हेही त्यांच्या अभ्यासातून ठरले.

हवा वगळण्याचा व्यावहारिक मार्ग अमेरिकेत लुई मार्क्स यांनी १८९० नंतरच्या दशकात काढलाच होता. ज्योतीभोवती जवळजवळ हवाबंद काचेचा लहान गोल बसवला की आतला ऑक्सिजन लवकर संपतो आणि कांड्या अतिशय सावकाश झिजतात. उघड्या दिव्याच्या कांड्या रोज बदलाव्या लागत. बंद दिव्याच्या शंभर तासांहून जास्त टिकत. प्रकाश मात्र निळसर पडे आणि लांब ज्योत बोथट टोकांवर भटके. शतक संपता संपता ह्यूगो ब्रेमर यांनी कांड्यांत कॅल्शियमचे क्षार घालून पिवळा, भरपूर प्रकाश मिळवला, पण त्याचा धूर इतका होता की तो घराबाहेरच बरा. पहिल्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत हाइनरिश बेक यांनी शोधदिव्याची धन कांडी सतत गोल फिरती ठेवली, म्हणजे खळगा एका बाजूला झुकत नाही.

रस्त्यावरून आर्क दिवा टंगस्टनच्या बल्बने हटवला. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये तो खूप पुढपर्यंत टिकला, कारण फिल्मच्या चिमुकल्या चौकटीतून जाणारा प्रकाश एका बिंदूतून आणि प्रखर यावा लागतो. महाराष्ट्रात गावोगावच्या तंबूतल्या टूरिंग टॉकीजपासून शहरांतल्या चित्रपटगृहांपर्यंत ऑपरेटर रंगीत काचेतून खळग्यावर नजर ठेवून कार्बन पुढे सरकवत आणि एक रीळ संपताना दुसऱ्या प्रोजेक्टरचा आर्क पेटवून तयार ठेवत. १९५० नंतर झेनॉन दिवा आला आणि हळूहळू कार्बनची जागा त्याने घेतली. त्यात काचेच्या बंद फुग्यात, झेनॉन वायूच्या दाबाखाली, टंगस्टनच्या दोन अग्रांमधली फट कारखान्यातच कायमची ठरवलेली असते. जळून आखूड होणारी कांडी तिथे नाही, आणि खळग्याला गाठणारा ऑक्सिजनही नाही.